वारस नोंद

मोठं माणूस गेल्याची बातमी आमच्या गावात पूर्वी रेडिओवरून यायची. चालू गाणं मधेच बंद पडून संथ असं काहीतरी वाजायला लागलं, की म्हातारी माणसं म्हणायची, "कुणीतरी गेलं बघ दिल्लीत." १९८४ साली महिन्याच्या आत दोनदा तसं झालं. ३१ ऑक्टोबरला इंदिराबाई गेल्या आणि २५ नोव्हेंबरला यशवंतराव चव्हाण. यशवंतराव गेले तेव्हा गावात चूल पेटली नाही वगैरे काही झालं नाही. खरं तेच सांगतो. ज्वारीची खुरपणी चालू होती, ती चालूच राहिली. पण बाया खुरपता खुरपता त्यांच्याबद्दल बोलत होत्या. पारावरची माणसं बोलत होती. कुणी म्हणायचं, कारखाने त्यांनी उभे केले. कुणी म्हणायचं, शेवटी दिल्लीला जाऊन चुकले. महिनाभर ते बोलणं चाललं होतं.

आता बातमी फोनवर येते. सकाळी आठला माणूस गेल्याचं कळतं, नऊला सगळ्यांच्या स्टेटसला त्याचा फोटो असतो, आणि संध्याकाळी त्याच जागी कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक असतो. एसटी स्टँडवर फ्लेक्स लागतो. वर गेलेल्या माणसाचा फोटो, खाली 'शोकाकुल' म्हणून दहा-अकरा पोरांचे फोटो, त्यातल्या दोघांच्या डोळ्यावर गॉगल. पोरांना दोष देत नाही. त्यांना वाईट वाटतच नसेल असंही नाही. पण वाईट वाटून पुढं काय करायचं, ते त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

गेल्या चार-पाच वर्षांत आमच्यासारख्या माणसांच्या जवळची किती माणसं गेली! ३० जुलै २०२१ ला सांगोल्याचे गणपतराव देशमुख. २०२२ च्या जानेवारीत ४ तारखेला सिंधुताई सपकाळ आणि १७ तारखेला एन. डी. पाटील सर. ३ ऑगस्ट २०२३ ला ना. धों. महानोर, त्याच वर्षी २८ सप्टेंबरला स्वामीनाथन. २०२५ च्या १८ जूनला आमच्या सोलापुरातच मारुती चितमपल्ली. प्रत्येक वेळी हार झाले, भाषणं झाली. आणि प्रत्येक वेळी माझ्या मनात एकच प्रश्न घोळत राहिला. गेलेल्या माणसाचं आपण काय देणं लागतो? नुसतं चांगलं बोलणं, की खरं बोलणं, की आणखी काही?

हा प्रश्न आमच्या गावात एकदा उघड्यावर आला. स्वामीनाथन गेल्यावर दुसऱ्या आठवड्यात सोसायटीच्या गोडाऊनपुढं छोटी बैठक झाली. पंचवीस-तीस माणसं असतील. पेपरातला फोटो कापून चौकटीत घातला होता, त्याला झेंडूचा हार. गुरुजींनी माहिती सांगितली. हरितक्रांतीचे जनक, शेतकऱ्यांचे कैवारी, असं सगळं बोलून झालं. मग एक पोरगा उठला. शेतकी कॉलेजातून पदवी घेऊन आलेला, तीन वर्षं बिनखताची, बिनफवाऱ्याची शेती करतो. तो म्हणाला, "माणूस मोठा होता, त्यात वाद नाही. पण आज आपल्या रानात गांडूळ दिसत नाही, बोअर सहाशे फुटावर गेलंय आणि घरटी फवाऱ्याचा पंप आहे. ह्याची सुरुवात कुठून झाली, हे पण आज बोललं पाहिजे."

आमच्या वस्तीवरचे आबा पुढंच बसले होते. ऐंशी पार केलेले. ते काठी टेकून उभे राहिले. "आरं, ज्यानं घास दिला त्याला मेल्यावर नावं ठेवायची व्हय रं? तुझ्या आज्ज्यानं काय खाल्लंय बहात्तरला, इचारलंस का कधी?"

पोरगा म्हणाला, "आबा, मी नावं ठेवत न्हाई. मी रानाचं सांगतुय."

"रानाचं सांग की. पर त्या फोटूम्होरं नगं."

बैठक तिथंच मोडली. चहा आला, तो सगळ्यांनी खाली मान घालून प्याला. दोघंही मला जवळचे. दोघंही खोटं बोलत नव्हते. म्हणून तो वाद माझ्या डोक्यातून गेला नाही.

आबांचं आधी सांगतो, कारण ते मलाही थोडं माहीत आहे. १९७२ ला मी बारा वर्षांचा होतो. आमच्या भागात दोन वर्षं पाऊस नव्हता. आई-वडील खडी फोडायला जायचे, आम्ही पोरं दुपारी सुकडीसाठी ताटली घेऊन रांगेत. रेशनवर लाल मिलो मिळायची. अमेरिकेतून आलेली. तिची भाकरी थापताना फुटायची, आणि खाताना घशाखाली उतरायची नाही. आई म्हणायची, "डोळं झाकून खा." आबा तेव्हा तिशीतले. त्यांना तर त्याच्या आधीचीही टंचाई आठवते, सगळा देश परदेशच्या जहाजाकडं डोळे लावून बसायचा तेव्हाची. ज्याला भूक माहीत आहे, त्याला धान्याचं पोतं देवासारखं वाटतं. ज्यानं ते पोतं आणलं, त्याच्याबद्दल वाकडा शब्द त्याला सहन होत नाही.

स्वामीनाथनांनी काय केलं, तेही नीट सांगितलं पाहिजे, कारण 'जनक' म्हटलं की काम कळत नाही. कुंभकोणमचा हा मुलगा, वडील डॉक्टर. यानंही डॉक्टरच व्हायचं ठरलेलं. पण १९४३ साली बंगालात दुष्काळ पडला, लाखो माणसं अन्नावाचून मेली, आणि हा मुलगा शेतीशास्त्राकडं वळला. पुढं पोलीस खात्यातली मोठी नोकरी मिळत होती, तीही सोडली. आपल्या देशी गव्हाची काडी उंच. खत-पाणी जास्त दिलं की ओंबी जड व्हायची आणि पीक आडवं पडायचं. बुटका गहू पाहिजे होता. मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग यांनी तसा गहू तयार केला होता. तो मागवून, इथल्या हवामानात पारखून, दिल्लीजवळच्या जौंती गावात शेतकऱ्यांच्याच रानात त्याचं बियाणं वाढवलं. १९६६ ला मेक्सिकोहून १८,००० टन बियाणं आलं. सी. सुब्रमण्यम यांच्यासारखा कृषिमंत्री पाठीशी उभा राहिला. पंजाब-हरियाणाच्या शेतकऱ्यांनी हिंमत केली. १९६८ च्या सुगीत गहू १ कोटी ६० लाख टनांच्या वर गेला. त्याआधी सगळ्यात जास्त झाला होता तो १ कोटी २० लाखांच्या आसपास. इतका माल आला की ठेवायला जागा नव्हती, शाळांच्या खोल्यांतून भरावा लागला. गव्हात झालं तेच थोड्याफार फरकानं ज्वारीत झालं. आमच्याकडं हायब्रीड आली. तिच्या भाकरीला मालदांडीची चव नव्हती आणि कडबा जनावरं नाखुशीनं खायची, पण कणगी भरली. भरलेल्या कणगीची किंमत ज्याची कणगी कधी रिकामी नव्हती त्याला कळत नाही.

आता पोराचं. तो म्हणतो त्यातलंही काही खोटं नाही. आमची विहीर आठ परसाची. माझ्या लहानपणी उन्हाळ्यातही तिला पाणी असायचं, मोट चालायची. आता दिवाळीनंतर ती कोरडी. गावात बोअर किती झाली ते मोजायचं सोडून दिलं. डाळिंबानं आमच्या भागाला पैसा दिला आणि डाळिंबानंच फवाऱ्याची सवय लावली. आधी तेल्या, मग खोड पोखरणारा भुंगा. माणसांनी दहा-दहा वर्षांच्या बागा मुळासकट काढून टाकल्या. पंजाबात तर गहू-भात, गहू-भात करून जमिनीखालचं पाणी वर्षावर्षाला खोल चाललंय. एका पिकाच्या शंभर जाती होत्या तिथं दोन राहिल्या. आमच्या आईच्या उतरंडीत कितीतरी बियाणी असायची, राखेत कालवून ठेवलेली. आता बियाणं म्हणजे दुकानातली पिशवी.

हे सगळं एका माणसानं केलं का? नाही. बियाणं त्यानं दिलं, पण युरियाचं पोतं मूठ-मूठ टाकायचं ते आम्ही गाडीभर टाकलं. दुकानदारानं सांगितलं, सरकारनं स्वस्त केलं. पण सुरुवात कुठून झाली असं विचारलं, तर त्याच वाटेवर जावं लागतं. तेव्हा हे बोलायचं की नाही?

'मेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये' असं आपण म्हणतो. ही म्हण वाईट नाही. गेलेला माणूस उत्तर द्यायला उभा राहू शकत नाही. जे उत्तर देऊ शकत नाही त्याला मारायचं नाही, हा शहाणपणा तिच्यात आहे. घरातली माणसं रडत असतात, त्यांच्या जखमेवर मीठ नको, हीपण माया आहे. मरणाबरोबर वैर संपतं, संपलंच पाहिजे.

पण याच म्हणीनं मी एका बाईचा जीव गुदमरताना बघितलाय. आमच्या भागातला एक माणूस वारला. दारूत दोन एकर रान घालवलेला, आणि हात उचलायची सवय. त्याच्या दहाव्याला नदीवर माईक लावला होता. आमच्याकडं दहाव्याला भाषणं होतात, एकामागं एक. पाच जण बोलले. एकानं देवमाणूस म्हटलं, एकानं समाजाचा आधारवड म्हटलं. त्याची बायको बायकांत बसून ऐकत होती, डोळ्यात पाण्याचा टिपूस नाही. घरी परत आल्यावर ती माझ्या मंडळीला म्हणाली, "वैनी, समदं चांगलंच हुतं म्हणं. मग मी काय सपान बघितलं व्हय तीस वर्सं?"

त्या बाईचं बोलणं ऐकल्यापासून मी दहाव्याचं भाषण जपून ऐकतो. खोटं कौतुक मेलेल्याला पोचत नाही, पण जिवंत माणसाला ते लागतं. जिनं सोसलं, तिचं सोसणं त्या माईकवर पुसून टाकलं. मेल्याला शिव्या दिल्या पाहिजेत असं मी म्हणत नाही. चार शब्द कमी बोलता येतात. "त्याच्या माघारी हिनं संसार ओढला, पोरांनी आता तिला सांभाळावं," एवढं जरी कुणी म्हटलं असतं तरी खरं झालं असतं, आणि कुणाचा अपमानही नसता.

घरातल्या माणसाचं हे असं. मग ज्याच्या कामानं देशाची जमीन बदलली त्याचं काय? त्याच्याबद्दल तर जास्तच खरं बोललं पाहिजे, कारण त्याच्या कामात आपण रोज पाय ठेवून उभे असतो.

मला याचं उत्तर पोथीत नाही सापडलं, तलाठ्याच्या दप्तरात सापडलं. आमचे वडील १९९१ ला वारले. मृत्यूचा दाखला घेऊन आम्ही भाऊ वारस नोंदीला गेलो. फेरफार झाला, काही दिवसांनी सातबारा हातात आला. जमिनीच्या मालकांत आमची नावं लागली होती, आणि इतर हक्काच्या रकान्यात सोसायटीचा बोजा होता. वडिलांनी इंजिन घेताना काढलेलं कर्ज. माझा धाकटा भाऊ म्हणाला, "कर्ज दादांनी काढलं, आपण कशाला भरायचं?" तलाठी हसला. म्हणाला, "रान घ्यायचं तर बोजापण येतो. बोजा नको तर रानपण सोडा." तो बोजा उतरवायला आम्हाला सहा वर्षं लागली. पण त्या सहा वर्षांत त्याच इंजिनच्या पाण्यावर आम्ही जगलो. वडिलांना त्यासाठी कुणी नावं ठेवली नाहीत, आणि त्यांनी कर्ज काढलंच नव्हतं असंही कुणी म्हटलं नाही.

मोठ्या माणसाचं स्मरण म्हणजे मला अशी वारस नोंद वाटते. फोटोला हार घालणारा म्हणतो, रान माझं, बोजाचं नाव काढू नका. नुसती टीका करणारा म्हणतो, बोजा दिसतोय तेवढाच खरा, ज्या रानात उभा राहून बोलतोय ते त्याला दिसत नाही. वारसाला दोन्ही सह्या कराव्या लागतात. आबांनी पहिल्या रकान्यावर सही केली, पोरानं दुसऱ्या. सातबारा मात्र एकच आहे.

यात वेळेचंही भान पाहिजे. चितेजवळ कुणी कर्जाचा कागद काढत नाही. वारस नोंदही कुणी तिसऱ्या दिवशी करत नाही. आणि हिशेब काढताना त्या काळाची भूक मापात धरली पाहिजे. १९६६ साली ज्याच्यापुढं उपाशी देश होता, त्याला आजच्या भरल्या पोटानं "तू असं का केलंस" म्हणून विचारणं हा हिशेब नाही. पण "याचं पुढं असं झालं, आता आपण काय करायचं" हे विचारणं हिशेब आहे.

गंमत अशी, की स्वामीनाथनांनी स्वतः हा हिशेब आमच्या पोराच्या पन्नास-पंचावन्न वर्षं आधी मांडला होता. १९६८ च्या जानेवारीत वाराणसीला विज्ञान काँग्रेस भरली होती. गव्हाचं विक्रमी पीक तेव्हा अजून रानात उभं होतं. तिथं त्यांनी सांगितलं, की जमिनीचा कस न सांभाळता पीक काढत राहिलात तर रानं वाळवंट होतील, औषधांची अंदाधुंद फवारणी केलीत तर विष धान्यात येईल, जमिनीखालचं पाणी बेहिशेबी उपसलंत तर ते संपेल, आणि शंभर जाती मोडून एकच जात लावलीत तर एखादा रोग सगळं पीक घेऊन जाईल. शब्द माझे आहेत, मतलब त्यांचा आहे. म्हणजे ज्या माणसाला आबा देव म्हणत होते, तो स्वतः त्या पोराच्या बाजूनं बोलून गेला होता. आणि ज्या माणसाकडं पोरगा बोट दाखवत होता, तो त्याचाच थोरला साथीदार निघाला. ही गोष्ट त्या बैठकीत कुणालाच माहीत नव्हती. मलाही नंतर वाचून कळली. नुसत्या कौतुकाचा तोटा हाच. माणूस फोटो होतो आणि त्याचं सांगणं ऐकायचं राहून जातं.

पुढं २००४ ला राष्ट्रीय शेतकरी आयोग नेमला, त्याचे ते अध्यक्ष. २००६ पर्यंत आयोगानं पाच अहवाल दिले. शेतमालाचा हमीभाव उत्पादनखर्चाच्या निदान दीडपट असावा, ही शिफारस त्यातलीच. 'स्वामीनाथन आयोग' हे नाव आमच्याकडं निरक्षर बाईलाही माहीत आहे. पण तो खर्च कसा धरायचा, घरच्या माणसांची मजुरी आणि स्वतःच्या जमिनीचं भाडं त्यात मोजायचं की नाही, यावर अजून ओढाताण चालूच आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारनं त्यांना मरणोत्तर भारतरत्न जाहीर केलं. चार-पाच दिवसांतच पंजाब-हरियाणाचे शेतकरी त्याच हमीभावासाठी दिल्लीकडं निघाले, आणि रस्त्यावर त्यांच्यासाठी सिमेंटचे अडसर आणि खिळे लावले होते. त्याच वेळी दिल्लीत त्यांच्या सन्मानाचा कार्यक्रम झाला. त्यात त्यांची मुलगी मधुरा स्वामीनाथन बोलल्या. शेतकरी हे अन्नदाते आहेत, त्यांना गुन्हेगारासारखं वागवू नका, स्वामीनाथनांचा मान राखायचा तर शेतकऱ्यांना बरोबर घेऊन चला, असं त्यांचं सांगणं होतं. बापाच्या गळ्यात देशानं सगळ्यात मोठा हार घातला, तेव्हा लेकीनं बोजाच्या रकान्यावर बोट ठेवलं. मला तर ती बाई खरी वारस वाटली.

आपल्या रीतिरिवाजातही हेच आहे, आपण विसरलोय. राख सावडायच्या दिवशी निवद ठेवतात. माणसाच्या आवडीचं सगळं मांडतात. गोडधोड, चहा, तंबाखू ओढणारा असला तर बिडीसुद्धा. आणि सगळे लांब उभे राहून कावळ्याची वाट बघतात. कावळा येत नाही. झाडावर बसतो, मान वाकडी करतो, पण शिवत नाही. मग कुजबूज सुरू होते, कशात जीव अडकला असेल? एका म्हातारीच्या वेळी मी हजर होतो. तासभर झाला, ऊन चढलं. शेवटी थोरला लेक पुढं झाला, हात जोडून म्हणाला, "आये, धाकटीचं लगीन मी करून देतो. काळजी सोड." आणि कावळा खाली उतरला.

कावळ्याला काय कळतं, मला माहीत नाही. शिकलेला माणूस म्हणेल, त्याला भूक लागली तेव्हा आला. तसंही असेल. पण मला त्यातलं माणसांचं वागणं महत्त्वाचं वाटतं. कावळा शिवावा म्हणून "आमची आई फार थोर होती" असं कधी कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. तिथं कौतुक चालत नाही. तिथं शब्द द्यावा लागतो, तोही चार माणसांच्या देखत. गेलेल्याचं अर्धं राहिलेलं काम कुणीतरी आपल्या अंगावर घ्यावं लागतं.

हे माप घेऊन बाकीच्यांकडं बघितलं की आपली अडचण कळते. गणपतराव देशमुख एकाच तालुक्यातून ११ वेळा आमदार झाले, आयुष्यभर एकाच पक्षात राहिले, आणि एसटीनं फिरले. त्यांच्या साधेपणावर बोलायला येणारा पाहुणा चारचाकीतून उतरतो, मागं आणखी तीन गाड्या. साधेपणाचं कौतुक सगळ्यांना जमतं, वारसा कुणाला नको. पण त्यांचं खरं राहिलेलं काम साधेपणा नव्हे, पाणी. नागनाथअण्णा नायकवडींच्या बरोबरीनं आटपाडीच्या पाणी परिषदांत ते वर्षानुवर्षं उभे राहिले, कृष्णेचं पाणी दुष्काळी तालुक्यांना मिळावं म्हणून. काही गावांना ते आलं, काही गावं अजून वाट बघतात. अकरा वेळा निवडून येऊनही का राहिलं, असं कुणी विचारलं तर त्याला गप्प करू नये. त्याला विचारावं, आता पुढच्या परिषदेला तू येणार का?

महानोरांचं वेगळं. पळसखेड्याचा हा शेतकरी कविता लिहायचा आणि औतही धरायचा. 'रानातल्या कविता' १९६७ ला आल्या. 'जैत रे जैत'ची त्यांची गाणी आजही वाजतात. ते गेले तेव्हा दोन दिवस सगळ्यांच्या फोनवर तीच गाणी. पण विधान परिषदेत बसून ते शेतीच्या पाण्याबद्दल बोलत राहिले आणि स्वतःच्या रानात त्यांनी पाणी अडवलं, हे गाणी लावणाऱ्यांपैकी थोड्यांना माहीत. त्यांचं माझ्यावरचं ऋण आणखी एक आहे. शेतातलं बोलणं पुस्तकात बसू शकतं, हे त्यांनी दाखवलं. नाहीतर दहावी शिकलेल्या माझ्यासारख्यानं वही उघडायची हिंमत केली नसती. त्यांचं देणं गाणं ऐकून फिटणार नाही. ते बांध घालून थोडं फिटेल, आणि लिहून थोडं.

आणि एक गोष्ट. मोठ्या माणसाच्या वारस नोंदीत पुष्कळ नावं सुटलेली असतात. मेक्सिकोचा गहू पहिल्यांदा पेरणारा शेतकरी, त्याची बायको, जौंतीतले मजूर. पाणी परिषदेला भाकरी बांधून चालत जाणाऱ्या बाया. स्वामीनाथन गेले त्याच आठवड्यात आमच्या वस्तीवरची एक म्हातारी वारली. तिच्या उतरंडीत मालदांडीचं, हुलग्याचं, मटकीचं बी असायचं. अर्ध्या गावानं कधी ना कधी ते उसनं नेलेलं. तिचा फोटोसुद्धा नव्हता, आधार कार्डावरचा मोठा करून लावला. तिची बैठक झाली नाही. पण तिचं बी दोन घरांत अजून आहे. एक घर आबांचं आणि दुसरं त्या पोराचं.

चितमपल्ली गेले तेव्हा आमच्या शाळेतल्या बाईंनी एक चांगली गोष्ट केली. भाषण ठेवलं नाही. मुलांना एवढंच सांगितलं, की हे वनखात्यातले गृहस्थ जन्मभर जंगलात हिंडले, पाखरांची नावं लोकांच्या तोंडून गोळा केली, त्यांचा कोश केला. तुम्ही घरी जा, आजी-आज्ज्याला विचारा आणि पाखरांची नावं लिहून आणा. दुसऱ्या दिवशी मी नातवाला सोडायला गेलो होतो, तेव्हा फळा भरत आला होता. होला, तितर, लावा, टिटवी, साळुंकी, भारद्वाज, कोतवाल, खाटीक, चंडोल, घार. शेवटच्या बाकावरच्या एका पोरानं माळढोक लिहून आणला होता. नान्नजचं माळढोकचं अभयारण्य आमच्याच जिल्ह्यात, पण आता तिथंही तो पक्षी दिसला तर बातमी होते.

बाईंनी विचारलं, "तू बघितलायस?"

पोरगं म्हणालं, "न्हाई. आज्ज्यानं बघितलाय."

बाई जरा थांबल्या. मग त्यांनी खडू घेतला आणि माळढोक हे नाव सगळ्यात वर लिहिलं.